एचएमटी धानाचे बी गावाबाहेर कसे गेले

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. मराठवाड्यातले नव्हे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल ३' वाणाच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. जेमतेम दीड एकराचा शेतकरी. ते दाणे वेगळे पेरून, दरवर्षी निवडत त्यांनी बारीक तांदळाचे वाण तयार केले. गावाने बी मागितले, त्यांनी दिले. १९९०च्या सुमारास हे धान बाजारात गेले तेव्हा त्याला नावही नव्हते. व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले, एचएमटी.

हे इतके सहज पसरले ते धानाच्या फुलामुळे. धानात स्वपरागीभवन होते, म्हणजे फूल स्वतःच्याच परागांनी फळते; घरचे बी पेरले तरी पीक तसेच येते. मूठभर बी हाती आले की अख्खा शोधच हाती आला. संकरित कापसाचे गुण पुढच्या पिढीत फुटतात, पीक एकसारखे येत नाही, म्हणून यवतमाळचा शेतकरी दरवर्षी नवे पाकीट घेतो. खासगी बियाणे कंपन्यांना कापसात रस का, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

धंद्यातली गुपिते एका परिसरात फार काळ गुपिते राहत नाहीत, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच सांगितले होते. दुसरे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये पुढचा पेच मांडला: शोधाचा फायदा शोधकाकडे पुरता येत नसेल, तर संशोधनात खासगी पैसा कमीच पडणार. सरकारी कृषी संशोधनाचे समर्थन याच तर्काने होते. अशा संस्थांपैकीच एक अकोल्याचे पंजाबराव कृषी विद्यापीठ (पीकेव्ही), १९६९चे.

गंमत अशी की एचएमटीच्या बाबतीत ज्ञान उलटे वाहिले, बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, विद्यापीठात. १९९४ मध्ये विद्यापीठाने दादाजींकडून बी नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केले. वाणाचे शुद्धीकरण आपले, असे विद्यापीठाचे म्हणणे. श्रेय डावलले, अशी दादाजींची तक्रार. मला दोन्हींत तथ्य दिसते, पण पहिली नजर शेतकऱ्याचीच होती.

शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीचा हक्क देणारा कायदा २००१चा. बी राखण्याची, देण्याघेण्याची, ब्रँड न लावता विकण्याची मुभाही त्यात आहे. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. तोवर एचएमटी विदर्भाबाहेरही पिकत होते, आणि त्या पोत्यांतून दादाजींपर्यंत काही पोचावे अशी वाटच नव्हती.