क्रिएटिनचे गोळे झाले म्हणजे ते खराब झालं का?

मृगाचे दोन-चार शिडकावे झाले की नागपुरातल्या जिममध्ये क्रिएटिनबद्दल, म्हणजे व्यायाम करणारे ताकद वाढवायला घेतात त्या पावडरीबद्दल, तोच प्रश्न सुरू होतो: "डब्यात गोळे झालेत, फेकून देऊ का?" उत्तरही ठरलेलं: "फेक, क्रिएटिनिन झालं असेल." क्रिएटिनिन म्हणजे क्रिएटिन बिघडून बनणारा निरुपयोगी पदार्थ. आणि हे उत्तर देणाऱ्यांतलेच कित्येक जण सकाळी लिंबूपाण्यात क्रिएटिन कालवून शेकर गाडीच्या डिक्कीत टाकतात आणि संध्याकाळी निर्धास्त पितात. चांगली पावडर कचऱ्यात आणि बिघडलेलं पाणी पोटात, हा उलटा कारभार आता थांबायला हवा.

क्रिएटिन कसं घ्यायचं, तेवढं आधी उरकून घेऊ. मोनोहायड्रेट (क्रिएटिनचा साधा, नेहमीचा प्रकार), रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी, खाडा न करता. लोडिंग, म्हणजे सुरुवातीला जास्त घेऊन स्नायूंतला क्रिएटिनचा साठा लवकर भरणं, करायचंच तर ५ ते ७ दिवस रोज २० ग्रॅम, चार वेळांत वाटून. नाही केलं तरी तीन-चार आठवड्यांत स्नायू तेवढेच भरतात.

घोळ होतो तो गुठळी आणि बिघाड या दोन गोष्टींत. गुठळी होते तेव्हा फक्त पावडरीचा आकार बदलतो. बिघाड होतो तेव्हा पदार्थच बदलतो.

आधी गुठळी. मोनोहायड्रेटमध्ये क्रिएटिनच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू मुळातच बांधलेला असतो, वजनाच्या सुमारे १२ टक्के. त्यामुळे ही पावडर हवेतली ओल फारशी ओढून घेत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये डबा रोज उघडला जातो, दमट हवा आत शिरते, कणांवर ओलीचा अगदी पातळ थर बसतो आणि कणांच्या कडा किंचित विरघळतात. पुढे हवा जरा कोरडी झाली की तोच विरघळलेला भाग पुन्हा स्फटिक होतो आणि शेजारच्या कणाला धरून बसतो. असं रोज होत गेलं की खडे तयार होतात. आत क्रिएटिन होतं तेवढंच आणि होतं तसंच आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ घट्ट बसतं, ते कोणी फेकून देत नाही.

आता बिघाड. क्रिएटिनच्या रेणूतून पाणी निघून जातं, रेणू स्वतःशीच जोडला जाऊन त्याचं कडं होतं आणि क्रिएटिनिन तयार होतं. स्नायूला त्याचा काही उपयोग नाही, ते लघवीवाटे निघून जातं. नेहमीच्या तापमानाला हे व्हायला क्रिएटिन पाण्यात विरघळलेलं असावं लागतं. त्यानंतर वेळ, आंबटपणा आणि उष्णता मिळून काम करतात. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात; पीएच जितका कमी, तितकं द्रावण आंबट. २५ अंश तापमानाला द्रावण तीन दिवस ठेवलं तर पीएच ५.५ असताना सुमारे ४ टक्के क्रिएटिन जातं, ४.५ असताना १२ टक्के आणि ३.५ असताना २१ टक्के. संत्र्याचा रस या शेवटच्या आकड्याच्या आसपास येतो. आणि हे आकडे २५ अंशांचे आहेत; मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत २५ अंश कुठून असणार? तिथे हीच क्रिया कितीतरी वेगाने होते.

कोरड्या पावडरीचं गणित याच्या अगदी उलट आहे. ४० अंशांवर तीन वर्षांहून जास्त काळ ठेवूनही तिच्यात क्रिएटिनिन सापडलेलं नाही. ६० अंशांवर ४४ महिन्यांनी सापडलं ते किलोमागे १०६ मिलिग्रॅम, म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशीही बंद, कोरड्या डब्यातल्या क्रिएटिनला काही झालं नसतं. म्हणून कुरिअरच्या गाडीत डबा तापला या कारणावरून माल परत करू नका. झाकणाखालचं सील शाबूत आहे का, तेवढं बघा.

यातच एक गैरसमज मोडायला हवा. "पोटातल्या आम्लात क्रिएटिन नष्ट होतं" असं सांगून महागडे प्रकार विकले जातात. आंबटपणा वाढला की बिघाड वाढतो हे खरं, पण पीएच २.५ च्याही खाली गेला की ही क्रिया जवळपास थांबते. पोटात तेच होतं. साधं मोनोहायड्रेट तिथून सुखरूप पुढे जातं. जास्तीचे पैसे देऊ नका.

गुठळीला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. वर जे सांगितलं ते फक्त साध्या, बिनचवीच्या मोनोहायड्रेटला लागू. चवीच्या पावडरीत आणि प्री-वर्कआउटमध्ये (व्यायामाआधी घ्यायच्या मिश्र पावडरीत) सायट्रिक अॅसिड, माल्टोडेक्स्ट्रिन, कधी साखर असते. हे पदार्थ ओल ओढतात आणि पावडरीचा चिकट लगदा होतो. त्या लगद्यात पाणीही आहे आणि आंबटपणाही, म्हणजे बिघाडाला लागणारं सगळं एका जागी. तसा डबा टाकून द्या. विदर्भातल्या पावसाळ्यासाठी चवीचं क्रिएटिन घेऊच नये, असं स्पष्ट मत आहे. हायड्रोक्लोराइड हा क्रिएटिनचा दुसरा प्रकारही मोनोहायड्रेटपेक्षा जास्त ओल धरतं आणि त्याचा वेगळा फायदा काही नाही.

मग साधी पावडर फेकायची कधी? बोटाला ओलसर लागली, पिवळट-तपकिरी झाली, कुबट किंवा अमोनियासारखा वास आला, बुरशी दिसली, तर. पांढरे, कोरडे, दाबल्यावर फुटणारे खडे असतील तर काट्याने फोडा, नाहीतर मिक्सरचं चटणीचं भांडं पूर्ण कोरडं करून दोन-तीन सेकंद फिरवा आणि चाळून घ्या. तव्यावर परतू नका, ओव्हनमध्ये ठेवू नका: १०० अंशांच्या आसपास बांधलेलं पाणी निघू लागतं आणि त्याहून वर पावडर कोरड्यातच बिघडू शकते. गच्चीवर वाळवणासारखी पसरायचीही गरज नाही, त्यात धूळ आणि मुंग्या तेवढ्या मिळतील.

फोडलेली पावडर मात्र चमच्याने मोजू नका. घट्ट बसलेली आणि भुसभुशीत पावडर एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाची भरते. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा ठेवा.

नागपूरकरांची नेहमीची चूक म्हणजे कूलर. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, तरी डब्यात गोळे होतात, आणि दोष उन्हाला दिला जातो. कूलरच्या ताट्यांमधून येणारी हवा ओली असते. त्या झोतासमोर किंवा बंद खोलीत कूलर चालू असताना डबा उघडला की भर उन्हाळ्यात पावसाळ्यासारखी स्थिती होते. डबा दुसऱ्या खोलीत, कपाटात ठेवा. खोली तापली तरी चालेल, ओली नको.

दुसरी चूक फ्रिज. थंड डबा बाहेर काढून दमट हवेत उघडला की आतल्या बाजूला, थेट पावडरीवर दव धरतं. उष्णतेपासून वाचवायला म्हणून केलेला हा उपाय नसलेलं पाणी आत नेऊन सोडतो. तिसरी चूक, शेकरमध्ये बुडवलेला ओला स्कूप पुन्हा डब्यात टाकणं. स्कूप बाहेर ठेवा. सिलिकाची पुडी फेकू नका, आतच राहू द्या.

पिताना तळाशी राहणारा रवाळ गाळ म्हणजेही बिघाड नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४ ग्रॅम क्रिएटिन विरघळतं, म्हणजे माठाच्या पाण्यात ५ ग्रॅमला ३५० मिली तरी हवं. फ्रिजच्या ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ६ ग्रॅमच विरघळतं, म्हणून गार केलेल्या बाटलीत उरलेलं तळाशी बसतं. हलवा, पिऊन टाका, बाटलीत पाणी विसळून तेही प्या. कोमट पाण्यात सगळ्यात लवकर विरघळतं. गरम चहातही चालतं, कालवून लगेच प्यायलात तर. लिंबूपाणी आणि संत्र्याचा रसही चालतो, अट तीच. जिममध्ये न्यायचं असेल तर कोरडी पावडर छोट्या डबीत न्या आणि तिथे कालवा.

"क्रिएटिन गरम पडतं, उन्हाळ्यात बंद कर" हा सल्ला मनावर घेऊ नका. क्रिएटिनमुळे पेटके येतात किंवा अंगातलं पाणी कमी होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी जास्त प्यायचं ते घामासाठी, क्रिएटिन घेत असा वा नसा. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिन घेतो हे सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

खरेदीचं सांगायचं तर किलोचा डबा रोज ५ ग्रॅमने २०० दिवस जातो. जूनमध्ये फोडला तर अख्खा पावसाळा तो रोज उघडणार. स्वस्त पडतो म्हणून मोठा घ्यायला हरकत नाही, पण पंधरा दिवसांची ७५ ग्रॅम पावडर घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत काढून घ्या आणि मोठा डबा बंद ठेवा. भरायचं काम उघडीप असलेल्या दुपारी करा, कूलर बंद करून.