उरोस्थी: सात तुकड्यांच्या वादापासून सीपीआरपर्यंत

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याची कृती, शिकवताना सांगतात की तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या उभ्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा. आज शाळकरी मुलांनाही शिकवता येईल इतकी सोपी ही कृती वैद्यकात रुजली ती १९६० नंतर. तोवर या हाडाबद्दल वैद्यांचे आणि डॉक्टरांचे बरेच काही चुकत, सुधारत आले होते. तो प्रवास माहीत असला, तर या कृतीचे मोल अधिक कळते.

आधी हाड समजून घेऊ. प्रौढ माणसात ते साधारण १५ ते १७ सेंटिमीटर लांब, चपटे आणि कातडीच्या अगदी खाली असते. वरचा रुंद भाग मॅन्युब्रियम, मधला लांब भाग हाडाचे मुख्य शरीर आणि तळाचे छोटे टोक झिफॉइड. गळ्याच्या खळग्यापासून बोट खाली सरकवले की थोड्याच अंतरावर एक आडवा उंचवटा लागतो. दुसरी बरगडी नेमकी तिथे जुळते. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाआड दडलेली असल्याने डॉक्टर मोजणी या उंचवट्यापासून करतात. ईसीजीचे पॅच कुठे लावायचे हेही त्यावरूनच ठरते. बरगड्यांच्या वरच्या सात जोड्या कूर्चेने, म्हणजे मऊ हाडाने, थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात, पुढच्या तीन सातवीच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या दोन इथवर येतच नाहीत. ही कूर्चा लवचिक आहे, म्हणून श्वास घेताना उरोस्थी हातपंपाच्या दांड्यासारखी वर आणि पुढे उचलली जाते. छातीवर दाब दिला की ती आत जाऊन परत वर येते, तेही याच लवचिकतेमुळे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात ३०० हाडे सांगितली आहेत, त्यांतली आठ उरातली. आजच्या मोजणीशी हा आकडा जुळत नाही. मात्र लहान मुलांत उरोस्थी खरोखरच सुट्या तुकड्यांची असते. मधल्या भागाचे चार तुकडे पूर्ण जुळून यायला पंचविशी उजाडते. त्यामुळे जुन्या गणतीला सरसकट चूक म्हणणे मला पटत नाही.

युरोपात मात्र याच गणतीवरून कडाक्याचे भांडण झाले. दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या गेलन या ग्रीक वैद्याने उरोस्थीचे सात भाग सांगितले होते. माणसाचे शवविच्छेदन करण्याची तेव्हा सोय नव्हती, म्हणून त्याचा अभ्यास बहुतांशी माकडांवर झाला, आणि माकडात हे तुकडे खरेच जास्त असतात. पुढची तेराशे वर्षे तोच आकडा शिकवला गेला. इटलीतल्या पादुआत शरीररचना शिकवणाऱ्या आंद्रेआस व्हेसालियसने १५४० मध्ये बोलोन्यात माणसाचा आणि माकडाचा सांगाडा शेजारी ठेवून फरक दाखवला. १५४३ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, बाझेलहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने माणसाच्या उरोस्थीचे तीनच भाग असल्याचे मांडले. पॅरिसमधले त्याचे गुरू सिल्व्हियस खवळले. गेलन चुकणे त्यांना मान्यच नव्हते. प्राचीन काळची माणसे धिप्पाड होती, त्यांच्या उरोस्थीला सात हाडे असतील, माणसाचे शरीरच आता बदलले, असा बचाव त्यांनी केला. एवढा विद्वान माणूस डोळ्यांसमोरचे हाड नाकारतो, हे वाचताना आजही वाईट वाटते.

आकार ठरला, तरी या हाडाच्या आड जाण्याचे धाडस व्हायला आणखी साडेतीनशे वर्षे लागली. १८९७ मध्ये कैरोत हर्बर्ट मिल्टन या शल्यचिकित्सकाने उरोस्थी उभी चिरून छातीच्या मधल्या पोकळीत पोहोचण्याची पद्धत मांडली. ती जवळजवळ विसरली गेली. १९५३ मध्ये फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन (हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे यंत्र) वापरून हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्यानंतरही पहिली काही वर्षे छाती आडवी उघडली जाई, दोन्ही फुप्फुसांभोवतीच्या पोकळ्या खुल्या होत आणि रुग्णाचे हाल होत. १९५७ मध्ये ऑर्मंड ज्युलियन यांनी उभ्या छेदाचा आग्रह धरला आणि मिल्टनची वाट पुन्हा रुळली. आपल्याकडे बायपास झालेल्या माणसाच्या छातीवर दिसणारा उभा व्रण याच वाटेचा. हाड शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला काही आठवडे जातात, म्हणून तोवर जड वस्तू उचलू देत नाहीत.

दरम्यान, रक्ताच्या आजारांचे निदानही इथूनच सुरू झाले होते. प्रौढ वयातही उरोस्थीत रक्त तयार करणारा लाल मगज टिकून असतो. १९२७ मध्ये लेनिनग्राडमध्ये मिखाईल अरिंकिन यांनी चिरफाड न करता नुसत्या सुईने तो काढून दाखवला. मागेच हृदय असल्याने आता हा नमुना बहुधा कमरेच्या हाडातून घेतात.

मग अमेरिकेतले बाल्टिमोर. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोवेन यांच्यासोबत कुत्र्यांवर विजेच्या धक्क्याचे प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले की धक्का देण्याआधी नुसती पॅडल (धक्का देणाऱ्या यंत्राच्या चकत्या) छातीवर दाबली तरी रक्तदाब वर जातो. तोवर थांबलेले हृदय चालवायचे तर छाती उघडून ते हातात धरून दाबावे लागे. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी जुलै १९६० मध्ये २० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला; त्यांतले १४ वाचले होते. रुग्णालयातल्या निवडक रुग्णांचा तो आकडा रस्त्यावर कोसळलेल्या माणसाला लागू होत नाही, पण छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी रक्त फिरवता येते हे त्याने सिद्ध केले.

दाबताना बरगडी किंवा खुद्द उरोस्थी मोडू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत, जिथे कूर्चा कडक झालेली असते. कट्कन आवाज आला म्हणून घाबरून थांबू नये. हातांची जागा पुन्हा तपासावी आणि मदत येईपर्यंत दाबत राहावे. मोडलेले हाड नंतर सांधता येते.