सोरायसिस आहे म्हणून लस टाळताय?

मुंबईत फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून लस मे महिन्यात घेतलेली बरी. पण सोरायसिस किंवा इसब असलेल्यांना हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: "मला त्वचेचा आजार आहे, मला लस चालत नाही." कधीकधी फॅमिली डॉक्टरही "राहू द्या" म्हणून विषय मिटवतात.

या भीतीला एकेकाळी आधार होता. देवीच्या लशीत जिवंत विषाणू असे आणि इसब असलेल्याच्या अंगभर तो पसरला तर जिवावर बेते. ती लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती याच शहरात, 14 जून 1802 रोजी, तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टॉलला. 1980 मध्ये देवीचं निर्मूलन जाहीर झालं आणि सर्वसामान्यांना ती लस देणं थांबलं.

आज सुईने देतात ती फ्लूची लस, तशीच हिपॅटायटिस बी आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया आणणाऱ्या जिवाणूवरची), निर्जीव असते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतानाही ती देता येते. जपायचं ते गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या जिवंत लशींना. त्यांचा विचार औषध सुरू होण्याआधीच व्हायला हवा.

मात्र मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांची एक अडचण असते. लस घेतल्यावर प्रत्येकाच्याच शरीरात फार विलक्षण गोष्ट घडते. दंडात टोचलेल्या लशीचे अंश काखेतल्या लसिका ग्रंथींत पोहोचतात. तिथल्या असंख्य बी पेशींपैकी (या अँटिबॉडी, म्हणजे जंतूला पकडणारी प्रथिनं, बनवतात) ज्या मोजक्या पेशींना ते अंश चिकटतात, त्या भराभर विभागू लागतात. विभागताना अँटिबॉडीच्या जनुकात बदल होत जातात. बहुतेक बदलांनी पकड सैल होते आणि ती पेशी मरते. एखाद्याने पकड घट्ट होते, मग टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी, तिला जगवतात. पुन्हा विभाजन, पुन्हा बदल, पुन्हा निवड. डार्विनची नैसर्गिक निवड काही आठवड्यांत, आपल्याच काखेत! आता प्रत्येक विभाजनाला नवा डीएनए हवा, त्यातल्या थायमिन या घटकासाठी फोलेट हे जीवनसत्त्व हवं, आणि मेथोट्रेक्सेट डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर अडवून फोलेटचं चक्रच मंदावतं. अँटिबॉडी कमी पडतात. म्हणूनच अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये सुचवलं की आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे ही गोळी थांबवावी. गोळी आठवड्यातून एकदाच असते, म्हणजे दोनच मात्रा चुकतात. पण हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारून. स्वतःच्या मनाने मुळीच नाही.

नागिणीबद्दलही असेच गैरसमज आहेत. "दोन टोकं जुळली की माणूस दगावतो" हे साफ खोटं आहे. विषाणू सहसा एकाच मज्जातंतूतून त्वचेवर येतो, म्हणून पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो. जॅक इनहिबिटर (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा एक गट) घेणाऱ्यांना नागिणीचा धोका जास्त असतो आणि तिच्या नव्या लशीत विषाणूचं फक्त एक प्रथिन असतं. मंत्र टाकणाऱ्याकडे जाण्यापेक्षा त्या लशीची चौकशी करा.

सरकारी लसीकरण मुख्यतः बालकं आणि गर्भवतींसाठी असल्याने मोठ्यांना कुणी आठवण करत नाही आणि पैसेही खिशातून जातात. शिवाय संकोच असतोच. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कोपरावरचे चट्टे लपवणारा माणूस चारचौघांत बाही वर करायला कचरतो. अशा वेळी पडद्याआड लस द्यायला सांगावं. सुई चट्टा नसलेल्या जागी टोचतात, कारण सोरायसिसमध्ये जखमेच्या जागी कधीकधी नवा चट्टा उठतो आणि असलेला चिघळू शकतो. दोन्ही दंडांवर जागा नसेल तर मांडीतही लस देता येते.