करप्याच्या बुरशीचं काळं कवच

भातावर करपा पाडणारी बुरशी पानात शिरते ती निव्वळ दाबाच्या जोरावर. ओल्या पानावर बीजाणू रुजतो, काही तासांत त्याच्या टोकाला घुमटासारखी पेशी फुगते आणि तिच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर बसतो. या थरामुळे आतलं ग्लिसरॉल बाहेर झिरपत नाही, पाणी मात्र आत येत राहतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात हा दाब वातावरणाच्या सुमारे ८० पट भरला. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच पट असतो! त्या रेट्याने एक बारीक खुंटी पानात घुसते. डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसतात ते त्यानंतर.

जपानमध्ये १९५०च्या दशकात करप्यावर पाऱ्याची औषधं सर्रास वापरली जात. पुढे पाऱ्याच्या विषारीपणामुळे ती बंद झाली, कासुगामायसिनसारखी प्रतिजैविकं आली. १९७०च्या दशकात आलेल्या ट्रायसायक्लॅझोलची तऱ्हाच निराळी. मेलॅनिन घडवणाऱ्या रासायनिक क्रियांच्या साखळीतलं एक रिडक्टेज विकर (एन्झाइम) ते अडवतं. काचेच्या बशीत बुरशी वाढतच राहते, फक्त काळपट न होता तांबूस दिसते. पानावर घुमटही तयार होतो, पण तो पान भेदू शकत नाही. बुरशीला न मारता निःशस्त्र करण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. अर्थात, फवारणी शिरकावाआधीच व्हायला हवी.

याच साखळीतल्या सायटॅलोन डिहायड्रेटेज या विकराची त्रिमितीय रचना १९९४ मध्ये उलगडली. त्याला अडवणारं कार्प्रोपामिड जपानमध्ये वापरात आलं, पण २००१ मध्येच सागा प्रांतात त्याला दाद न देणारी बुरशी सापडली. विकरातलं ७५ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल, व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन, एवढाच बदल. तेवढ्याने औषध नीट चिकटेनासं झालं. मग टोलप्रोकार्बने साखळीची पहिलीच कडी, पॉलिकीटाइड सिंथेज, गाठली.

ट्रायसायक्लॅझोल दीर्घकाळ टिकलं, तरी २०१७ मध्ये युरोपीय संघाने तांदळातल्या त्याच्या अवशेषांची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली. त्यामुळे नव्या लक्ष्यांचा शोध आणखी निकडीचा झाला. २०२०च्या एका संशोधनात, अतिदीर्घ साखळीची मेदाम्लं बनवणारी विकरं रोखली तर घुमटाच्या तळाशी सेप्टिन प्रथिनांचं कडं जुळत नाही आणि शिरकाव थांबतो, असं दिसलं. ही विकरं रोखणारी रसायनं तणनाशकं म्हणून आधीपासून माहीत होती, म्हणूनच भाताला धक्का न लावता फक्त बुरशीचं विकर अडवणारा रेणू शोधावा लागतो.