अमेरिकी अण्वस्त्रांचे अपघात: काय घडले आणि लोकांना कधी कळले

'अण्वस्त्र सुरक्षित आहे' या विधानाला अमेरिकेत आकड्यांत मांडलेला अर्थ आहे. १९६८ साली संरक्षण खात्यातील कार्ल वॉल्स्की यांनी तो लेखी स्वरूपात घालून दिला. नेहमीच्या परिस्थितीत एका अस्त्राच्या संपूर्ण आयुष्यात अनपेक्षित अणुस्फोटाची शक्यता एक अब्जात एकाहून जास्त नसावी. आग, वीज पडणे, विमान कोसळणे अशा प्रसंगी ती दर अपघातामागे दहा लाखांत एकाहून जास्त नसावी. हा निकष आला तेव्हा हजारो अस्त्रे तैनात होती आणि ती तो डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली नव्हती. पुढच्या अडीच दशकांचा सगळा वाद या तफावतीतून निघाला.

सुरुवातीच्या बॉम्बांत प्रश्न सोपा होता. अणुगाभा, म्हणजे अणुस्फोट घडवणारे प्लुटोनियम किंवा युरेनियम, वेगळ्या पेटीत ठेवायचा आणि वेळ आलीच तर उड्डाणात आत बसवायचा. ११ मार्च १९५८ रोजी साउथ कॅरोलायनातील मार्स ब्लफ येथे बी-४७ बॉम्बफेकी विमानातून चुकून मार्क-६ बॉम्ब सुटला. त्यातील गाभा दाबण्यासाठीची साधी स्फोटके फुटली, एक घर उद्ध्वस्त झाले, सहा जण जखमी झाले. गाभा बॉम्बमध्ये नव्हता, म्हणून गोष्ट तेवढ्यावर थांबली. पण गाभा बसवण्यात वेळ जातो, आणि सोव्हिएत हल्ल्याच्या भीतीत सैन्याला ती मिनिटेही नको होती. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गाभा आतच सीलबंद असलेली अस्त्रे आली. तेव्हापासून सुरक्षिततेचा भार तारा, बॅटऱ्या आणि स्विच यांच्यावर येऊन पडला.

२४ जानेवारी १९६१च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ कॅरोलायनातील गोल्ड्सबरोजवळ दोन मार्क-३९ बॉम्ब घेऊन उडणारे बी-५२ बॉम्बफेकी विमान इंधनगळतीनंतर हवेतच मोडले. आठ जणांपैकी तिघे दगावले. प्रत्येक बॉम्बची क्षमता ३.८ मेगाटन होती (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीइतका स्फोट). एकाचे पॅराशूट उघडले. विमान मोडताना त्याच्या खिट्या ओढल्या गेल्या होत्या, त्यामुळे वैमानिकाने तो मुद्दाम टाकल्यासारखीच पुढची साखळी चालू झाली: टायमर चालले, बॅटऱ्या जाग्या झाल्या, जमिनीला टेकताच स्फोटाचा संकेतही गेला. अडला तो फक्त विमानाच्या कक्षातून चालवायच्या 'सेफ' (सुरक्षित) स्थितीतल्या स्विचपाशी. दुसरा बॉम्ब पॅराशूटविना चिखलात घुसला. त्याच्या स्विचवर 'आर्म' (सज्ज) दिसत होते. धडकेने दर्शक फिरला, आतले जोड मात्र जुळले नव्हते, असा निष्कर्ष नंतर निघाला. त्या बॉम्बचा काही भाग आजही तिथेच जमिनीत आहे.

लोकांना त्या वेळी बॉम्ब सज्ज नव्हते आणि धोका नव्हता एवढेच सांगण्यात आले. अण्वस्त्रांवर काम करणाऱ्या सँडिया प्रयोगशाळेतील पार्कर जोन्स यांनी १९६९ साली या अपघाताचा फेरआढावा घेऊन लिहिले की देश आणि महासंकट यांच्यामध्ये एकच साधा, कमी दाबाच्या विजेचा स्विच होता, आणि विमान मोडताना शॉर्ट सर्किट होणे सहज शक्य होते. सतत हवेत फिरणाऱ्या विमानांवर हा बॉम्ब ठेवण्याइतका सुरक्षित नव्हता, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा होता. माहिती-स्वातंत्र्य कायद्याखाली मिळालेली ही दोन पानी टिपणी वृत्तपत्रात छापून आली ती २०१३ साली.

परदेशात झालेले अपघात इतके दडवता आले नाहीत. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेस गावावर बी-५२ आणि इंधनवाहू विमान यांची टक्कर झाली. चारपैकी दोन बॉम्बांची स्फोटके फुटून प्लुटोनियम शेतांत पसरले, आणि समुद्रात पडलेला बॉम्ब बाहेर काढायला एप्रिल उजाडला. २१ जानेवारी १९६८ रोजी ग्रीनलंडमधील थुले तळाजवळ चार बॉम्बांसह बी-५२ समुद्रावरच्या बर्फात कोसळले. त्यानंतर अण्वस्त्रे घेऊन सतत घिरट्या घालणारी उड्डाणे बंद झाली. ग्रीनलंड ज्याच्या अखत्यारीत आहे त्या डेन्मार्कचे जाहीर धोरण अण्वस्त्रांना मनाई करणारे होते. तरीही पंतप्रधान हान्सन यांनी १९५७ सालीच अमेरिकेला मूक संमती दिली होती, हे तिथल्या नागरिकांना १९९५ साली कळले.

या काळात सँडियातील स्टॅन स्प्रे आणि सहकारी अस्त्रांचे भाग जाळून, चेचून, शॉर्ट करून पाहत होते. सर्किट बोर्डाचे हिरवे प्लास्टिक वीज अडवते, पण जळून त्याचा कोळसा झाला की तेच वीज वाहू लागते. सोल्डर वितळून नको तिथे जोड देते. म्हणजे आगीत कोणती वाट बंद राहील याचा भरवसाच नाही. जळके बोर्ड हातात घेऊन ही मंडळी अधिकाऱ्यांना समजावत फिरत.

त्यांचा उपाय आजही वापरात आहे. स्फोट घडवणारे सर्किट धातूच्या आवरणात कोंडायचे. आत जाणाऱ्या विजेच्या वाटेवर 'स्ट्राँग लिंक' नावाचा भक्कम स्विच बसवायचा. तो २४ लांब-आखूड स्पंदांच्या ठरलेल्या क्रमानेच उघडतो. चुकार विजेतून तो क्रम आपोआप जुळणे जवळजवळ अशक्य. आत 'वीक लिंक' असते, म्हणजे ठरावीक उष्णतेला मुद्दाम निकामी होणारा कपॅसिटर (स्फोटासाठीची वीज साठवणारा भाग). दोन्ही जवळजवळ बसवतात, म्हणजे आग दोघांना एकाच वेळी लागते आणि भक्कम स्विच खचण्याआधी कपॅसिटर मरतो. १९७७ साली बी-६१-५ या बॉम्बमध्ये ही व्यवस्था प्रथम आली.

जुन्या अस्त्रांचे काय, हा प्रश्न मात्र रखडला. सँडियाचे ग्लेन फाउलर यांनी नोव्हेंबर १९७४ मध्येच पत्र लिहून विमानांवरची जुनी अस्त्रे सुधारा किंवा काढा, असे कळवले होते. तिथलेच बॉब प्युरिफॉय त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. हवाई दलाला त्यावर पैसा घालायचा नव्हता. १५ सप्टेंबर १९८० रोजी ग्रँड फोर्क्स तळावर अण्वस्त्रे लादलेल्या बी-५२च्या पंखाला लागलेली आग सुमारे तीन तास धुमसली. वारा शस्त्रांपासून दूर वाहत होता, एवढेच आपले नशीब. चारच दिवसांत आर्कान्सातील डमॅस्कस येथे देखभालीच्या वेळी पान्याचा एक जड सॉकेट सायलोत, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवायच्या जमिनीखालच्या विवरात, खाली पडला आणि टायटन-२ क्षेपणास्त्राच्या इंधनटाकीला भोक पडले. काही तासांनी स्फोट झाला, एक जण ठार झाला, नऊ मेगाटनचे अस्त्र सायलोबाहेर जाऊन पडले. ते तिथे होते हेसुद्धा हवाई दल सुरुवातीला मान्य करत नव्हते.

१९८१ साली संरक्षण खात्याने १९५० ते १९८० मधील ३२ अपघातांची यादी दिली. सँडियाच्या १९७०च्या अंतर्गत अभ्यासात मार्च १९६८ पर्यंतच्या दखलपात्र घटनांत सापडलेली अस्त्रे किमान १,२०० होती. दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या, हे खरे. पण लोकांसमोर आली ती छोटी यादीच.

मे १९९० मध्ये बॉम्बफेकी विमानांवरून डागायच्या स्रॅम या अण्वस्त्रवाही क्षेपणास्त्रांच्या धोक्याची बातमी वृत्तपत्रांत आली आणि जूनमध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी ती सज्ज विमानांवरून उतरवली. आतल्या इशाऱ्यांनी सोळा वर्षांत जे झाले नाही, ते उघड चर्चेने काही आठवड्यांत झाले. त्याच डिसेंबरात भौतिकशास्त्रज्ञ सिडनी ड्रेल यांच्या समितीने काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) पाणबुडीवरच्या ट्रायडंट-२ क्षेपणास्त्राबद्दल सावध केले: त्यावरच्या डब्ल्यू-८८ अस्त्रांत धडकेला दाद न देणारी स्फोटके नाहीत, आणि ती तिसऱ्या टप्प्याच्या इंजिनाभोवतीच रचलेली आहेत. टीएटीबीसारखी सुरक्षित स्फोटके त्याच कामासाठी जास्त वजन आणि जागा घेतात, म्हणून ती टाळली गेली. अलीकडच्या नूतनीकरणातही डब्ल्यू-८८ मध्ये पारंपरिक स्फोटकेच पुन्हा भरली.

अण्वस्त्रांवरच्या खर्चाचा पहिला सर्वंकष हिशेब सरकारने नव्हे, ब्रुकिंग्ज संस्थेने १९९८ साली मांडला: १९४० ते १९९६ मध्ये सुमारे ५.५ लाख कोटी डॉलर, १९९६च्या किमतींत. बॉम्ब बनवण्याचा वाटा त्यात अवघा सात टक्के. निम्म्याहून अधिक पैसा विमाने, क्षेपणास्त्रे, पाणबुड्या आणि त्यांच्या तैनातीवर गेला. आजही तेच दिसते. जमिनीवरून डागायच्या नव्या सेंटिनेल क्षेपणास्त्राच्या खर्चाचा अंदाज जुलै २०२४ मध्ये ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्ज डॉलर झाला, तो मुख्यतः क्षेपणास्त्रामुळे नव्हे, तर सायलो आणि नियंत्रणकेंद्रांच्या बांधकामामुळे. २०२५ ते २०३४ या दशकाचा एकूण अण्वस्त्रखर्च काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ९४६ अब्ज डॉलर धरला आहे.

निःशस्त्रीकरण तपासायला मुळात साठ्याचा आकडा हवा. तो २०१० साली जाहीर झाला: त्या वेळी ५,११३ अस्त्रे, १९६७ च्या शिखरावर ३१,२५५. मग काही वर्षे तो पुन्हा झाकला गेला. जुलै २०२४ मध्ये ३,७४८ हा आकडा मिळाला, तोही सप्टेंबर २०२३ चा. रशियासोबतच्या, अण्वस्त्रांची संख्या मर्यादित करणाऱ्या न्यू स्टार्ट कराराखालची प्रत्यक्ष तपासणी मार्च २०२० पासून बंद पडली, रशियाने २०२३ मध्ये सहभाग थांबवला, आणि कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती.