मीटर लावला की व्हॉल्व्ह लाल

वाशी-नेरूळची जॅमिंग रूम असो की घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधली मागची खोली, गिटारच्या ॲम्पमध्ये नवे व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) घातले की एक सल्ला हमखास मिळतो: ‘पाच नंबर पिनवर उणे चाळीस येतंय का बघ, आलं की झाला बायस.’ मग दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर निघतो. लीड पिनला टेकते, आकडा दिसतो उणे तेहतीस, आणि थोड्याच वेळात व्हॉल्व्हच्या करड्या प्लेटवर मंद लाल डाग उमटतो. लीड काढली की तो विझतो. ‘व्हॉल्व्ह गेला’ असा निकाल लागतो. अनेकदा व्हॉल्व्हचा काहीच दोष नसतो. त्याला लाल करतो तो मीटर.

व्हॉल्व्हच्या आत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि साडेचारशे व्होल्टवरची प्लेट त्यांना ओढते. मध्ये तारेची जाळी असते, ती ग्रिड. ग्रिड कॅथोडपेक्षा उणे ठेवली की ती इलेक्ट्रॉनना मागे लोटते. कल्याणहून भरून आलेल्या लोकलच्या दारातले चार जण ठाण्याच्या अख्ख्या फलाटाला थोपवतात, तसंच. गिटार वाजत नसताना ही अडवणूक किती असावी, ते ठरवणं म्हणजे बायस. अडवणूक कमी पडली तर प्लेट तापून लाल होते. जास्त झाली तर आवाज कोरडा आणि फाटका येतो, विशेषतः हळू वाजवताना.

आता खरी गंमत. उणे चाळीस व्होल्ट ग्रिडला, म्हणजे त्या पाच नंबर पिनला, थेट मिळत नाहीत. बऱ्याच ॲम्पमध्ये ते 220 किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतात. ग्रिड जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही आणि चाळीसच्या चाळीस ग्रिडपर्यंत पोचतात. मीटर मात्र करंट घेतो. स्वस्त पिवळ्या मीटरचा स्वतःचा रोध साधारण 1 मेगओहम असतो. तो पिन आणि चॅसिस (ॲम्पचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये लावला की एकूण 1.22 मेगओहममधून 33 मायक्रोॲम्पिअर वाहू लागतात, 220 किलोओहमवर सव्वासात व्होल्ट पडतात आणि ग्रिडवर उरतात उणे 32.8.

म्हणजे मीटर खोटं बोलत नाही. लीड टेकलेली असेपर्यंत ग्रिडवर खरोखरच तेवढेच व्होल्ट असतात. ईएल34 या गिटार ॲम्पमधल्या नेहमीच्या व्हॉल्व्हमध्ये या टापूत ग्रिडच्या एका व्होल्टमागे प्लेटच्या करंटमध्ये साधारण पाच-सहा मिलीॲम्पिअर बदलतात. 36 मिलीॲम्पिअरवर शांत बसलेला व्हॉल्व्ह सात व्होल्टच्या फरकाने 75 च्या आसपास जातो. 450 व्होल्ट गुणिले 75 मिलीॲम्पिअर म्हणजे जवळपास 34 वॉट, आणि ईएल34 च्या प्लेटची मर्यादा आहे 25 वॉट. लाल होईल नाहीतर काय!

उलटी चूक याहून फसवी. आकडा तेहतीस दिसला म्हणून कोणी बायसचा स्क्रू फिरवून मीटरवर चाळीस आणतो. मीटर काढताच ग्रिडवर उणे 48.8 होतात आणि व्हॉल्व्ह जवळपास बंद पडतो. मग आवाज बिघडला म्हणून शिव्या बसतात स्पीकरला.

आपला मीटर कसा आहे, हे दोन मिनिटांत कळतं. 9 व्होल्टची बॅटरी थेट मोजा, मग लीडच्या मालिकेत 1 मेगओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. आकडा निम्म्यावर आला तर मीटर 1 मेगओहमचा, 8.2 च्या जवळ राहिला तर 10 मेगओहमचा. असा चांगला मीटरही पिन 5 वर उणे चाळीसऐवजी 39.1 दाखवतो, पण तेवढं चालतं. बायसचं व्होल्टेज बघायचंच असेल तर दोन व्हॉल्व्हचे दोन 220 किलोओहम रेझिस्टर जिथे एकत्र येतात तिथे बघावं. तिथे मीटरचा भार फारसा जाणवत नाही.

पण व्होल्टेजवरून बायस ठरवूच नये. एकाच खोक्यातले दोन ईएल34 सारख्याच उणे व्होल्टवर वेगवेगळा करंट घेतात. मोजायचा तो करंट. त्यासाठी प्रत्येक व्हॉल्व्हच्या पिन 8 (कॅथोड) आणि चॅसिसच्या मध्ये 1 ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर घाला (ईएल34 ची पिन 1 पिन 8 ला जोडलेली हवी). मग 1 मिलीव्होल्ट म्हणजे 1 मिलीॲम्पिअर. इथे रोध इतका कमी आहे की पिवळा मीटरही बिनचूक चालतो.

आधी हात सांभाळा. प्लग काढून ठेवला तरी वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये 450 व्होल्ट बसून असू शकतात. 10 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कपॅसिटरच्या धन टोकापासून चॅसिसला दहा सेकंद जोडा, मग मीटरने खात्री करा. नव्या इमारतीत ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या उच्च दाबाचा झटका त्याला कळतच नाही, कारण मेनच्या दोन तारांतला करंट सारखाच राहतो. पावसाळ्यात फरशी ओल धरते, तेव्हा कोरडी रबरी चप्पल हवी आणि एक हात खिशात.

स्पीकर जोडलेला हवा, सगळे व्हॉल्यूम शून्यावर. मीटरच्या क्लिपा ॲम्प बंद असतानाच लावा. मग चालू करून वीस मिनिटं तापू द्या. पिन 3 वर प्लेट व्होल्टेज मोजा. समजा 450 आलं. गिटार वाजत नसताना मर्यादेच्या सत्तर टक्क्यांवर जायचं नाही; 25 वॉटचे सत्तर टक्के म्हणजे 17.5 वॉट, भागिले 450, म्हणजे जास्तीत जास्त 38.9 मिलीॲम्पिअर. 1 ओहमवर स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे) चार-पाच मिलीॲम्पिअरही मोजले जातात, म्हणून 40 मिलीव्होल्ट दिसले तर प्लेटचे 36 धरा. त्याचे 16.2 वॉट होतात. ठीक आहे. प्लेट व्होल्टेज न बघता ‘ईएल34 ला 38’ असं सांगत सुटणाऱ्यांनी 38 हा जणू शुभांक करून ठेवलाय. 400 व्होल्टच्या आणि 500 व्होल्टच्या ॲम्पला एकच आकडा कसा चालेल? बायस जितका गरम तितका आवाज गोड, हीही तशीच श्रद्धा. त्यात नक्की वाढतं ते व्हॉल्व्हचं बिल.

एकाच बाजूचा व्हॉल्व्ह सतत जास्त करंट घेत असेल तर दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करा. त्रास त्याच सॉकेटवर राहिला तर आधीच्या टप्प्यातला सिग्नल ग्रिडपर्यंत आणणाऱ्या 0.022 मायक्रोफॅराडच्या कपलिंग कपॅसिटरवर संशय घ्या. त्याच्या एका टोकाला 200 व्होल्ट असतात. दमट हवेत पडून राहिलेल्या जुन्या कपॅसिटरमधून फक्त 10 मायक्रोॲम्पिअर गळले, तरी 220 किलोओहमवर 2.2 व्होल्ट उलटे पडतात आणि करंट दहा-बारा मिलीॲम्पिअरने चढतो.

शेवटी घरातला मेन. संध्याकाळी एसी चालू असताना 230 मिळणारे व्होल्ट रात्री 250 झाले, तर प्लेट 489 वर जाते आणि बायसही त्याच प्रमाणात उणे होतो. दोन्ही सारखे वाढले तर हिशेब जुळला, असं वाटतं. तसं होत नाही. व्हॉल्व्हचा करंट व्होल्टेजच्या दीड घाताने वाढतो, करंट गुणिले व्होल्टेज म्हणजे वॉट अडीच घाताने. 1.087 चा अडीच घात 1.23. संध्याकाळचे 16.2 वॉट रात्री 20 होतात. 25 च्या आत आहेत, पण संध्याकाळी कोणी 22 वर बसवून ठेवला असेल तर रात्री तोच 27 वर जाईल. म्हणून बायस लावताना मेनही मोजा आणि चॅसिसच्या आत एक स्टिकर चिकटवा: तारीख, मेन 231, प्लेट 450, डावा 40, उजवा 39.