हाडांचे डॉक्टर पडद्यावर, पण रुग्णाजवळ कोण?

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला फेरतपासणीला न्यायचं म्हणजे घरातल्या दोघांचा अख्खा दिवस मोडतो. गाडी ठरवायची, मागच्या सीटवर उशा लावून पाय नीट ठेवायचा, आणि ओपीडीत नंबर लागेपर्यंत ताटकळायचं. डॉक्टर टाके बघतात, एक्स-रे बघतात, चालून दाखवायला सांगतात आणि "छान आहे, वॉकर इतक्यात सोडू नका" म्हणतात. पाच मिनिटांत काम आटोपतं. या पाच मिनिटांतलं बरंचसं काम डोळ्यांचं आणि कानांचं असतं. मग ते व्हिडिओ कॉलवर का होऊ नये?

या प्रश्नाचा नीट अभ्यास झाला तो नॉर्वेत, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला. ट्रोम्सो शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ आणि दूरच्या आल्ता गावातले रुग्ण यांच्यात हा प्रयोग झाला. 389 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाने ट्रोम्सोला जाऊन डॉक्टरांना दाखवलं, दुसऱ्याने आल्तातूनच व्हिडिओवर. व्हिडिओवरच्या 98 टक्के तपासण्या 'चांगल्या' किंवा 'खूप चांगल्या' झाल्याचं खुद्द डॉक्टरांनी नोंदवलं. व्हिडिओ गटातल्या 86 टक्के रुग्णांनी पुढच्या वेळीही व्हिडिओच हवा असं सांगितलं. प्रवास आणि बुडालेला रोजगार धरून हिशेब केला, तेव्हा वर्षाला 151 पेक्षा जास्त तपासण्या झाल्या तर ही पद्धत स्वस्त पडते असंही दिसलं.

हे आकडे वाचून "चला, आता घरबसल्या मोबाइलवर दाखवू" असं म्हणण्याची घाई होते. पण आल्तातले रुग्ण घरी बसलेले नव्हते. ते तिथल्या वैद्यकीय केंद्रात आले होते आणि त्यांच्याजवळ या कामाचं खास प्रशिक्षण घेतलेली नर्स होती. माझ्या मते या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

कारण हाडांची तपासणी म्हणजे निम्मं बघणं आणि निम्मं हात लावणं. बघण्याचा भाग पडद्यावर उत्तम होतो. गुडघा बदललेल्या रुग्णाला खुर्चीत आडवं, म्हणजे कॅमेऱ्याकडे कूस करून, बसवलं आणि पाय जमेल तितका मागे घ्यायला लावला, की गुडघा किती अंशात वाकतो ते पडद्यावर मोजता येतं. खांदा किती वर जातो, चालताना माणूस कुठल्या बाजूला झुकतो, हेही दिसतं. पण गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, तुटलाय का, हे डॉक्टरांनी मांडी एका हातात धरून नडगी दुसऱ्या हाताने पुढे ओढल्याशिवाय कळत नाही. पावलाची नाडी लागते का, जखमेभोवतालची कातडी गरम आहे का, हे कॅमेरा सांगत नाही. नाडी बघणं, हात लावून गरमपणा सांगणं हे मात्र प्रशिक्षित नर्स करू शकते.

जखमेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. टाक्यांच्या कडेची लाली हे जंतुसंसर्गाचं पहिलं लक्षण मानतात. सावळ्या कातडीवर ती मुळातच कमी दिसते, त्यात ट्यूबलाइटच्या उजेडात मोबाइलचा कॅमेरा रंग बदलतो. म्हणून फोटो खिडकीजवळ, दिवसाउजेडी काढावा, एक लांबून आणि एक जवळून. सूज, ठणका, पू, ताप यांबद्दल तोंडी विचारणं तर टाळताच येत नाही. शरीरात प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल, तर संसर्गावर महिनाभर नव्हे, 90 दिवस लक्ष ठेवतात.

एक्स-रेचंही तसंच. फिल्म खिडकीला धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत चकाकी येते, कडा कापल्या जातात, कधी रुग्णाचं नाव आणि डावी-उजवी बाजू दाखवणारी खूणच गायब होते. त्यापेक्षा एक्स-रे केंद्राकडून मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी.

काही वेळा मात्र व्हिडिओ लावण्यात वेळ घालवूच नये. प्लास्टर घातल्यावर दुखणं थांबण्याऐवजी असह्य होत गेलं आणि बोटं सरळ करताना जीव कळवळला, तर स्नायूंमधला दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर रक्ताची गाठ झाली असण्याची शंका घ्यायची. कंबरदुखीच्या रुग्णाची लघवी अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर मज्जारज्जूच्या टोकाकडच्या नसा दाबल्या गेल्या असू शकतात. या तिन्हींत थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

आपल्याकडे 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे, नियम आले. डॉक्टरांना कुठल्याही क्षणी "प्रत्यक्ष या" म्हणण्याचा अधिकार त्यांत स्पष्ट दिला आहे, आणि मॉर्फीनसारखी अमली वेदनाशामकं असा सल्ला देताना लिहून देता येत नाहीत. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या मोहाली केंद्राने उभारलेल्या ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेत तर आल्तासारखीच रचना आहे: गावातल्या आरोग्य केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतात आणि पलीकडे डॉक्टर असतात. म्हणजे सांगाडा तयार आहे. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरच्या रुग्णासाठी हवं आहे ते एवढंच, की या अधिकाऱ्यांना सांध्याचा कोन मोजणं, पावलाची नाडी बघणं, टाक्यांची तपासणी आणि प्लास्टरमधल्या बोटांची हालचाल बघणं पद्धतशीर शिकवावं, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला घरी सोडतानाच त्यांच्याशी गाठ घालून द्यावी.